दोन वर्षे पुरलेला गणवेश

क्षयरोगाची राष्ट्रीय आकडेवारी प्रसिद्ध झाली की तिच्यावर इथे चर्चा होते, आणि ती बहुधा छातीच्या क्षयापुरतीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालातील भारताविषयीचा आकडा बहुतेकांच्या वाचनात आला असेल : दर लाख लोकसंख्येमागे नव्या क्षयरुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ झाले. घट खरी आहे. तरीही २०२३ मध्ये जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण एकट्या भारतात होते, हेही खरे आहे. या दोन सत्यांच्या मधल्या फटीत माझ्या मुलीच्या बालपणातील जवळजवळ दोन वर्षे गेली. तिला क्षय नव्हता. तिला जो आजार आहे त्याचे नाव क्रोन्स.

आम्ही मूळचे मिरजेचे. नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूला येऊन अठरा वर्षे झाली. मुलीचा जन्म इथलाच. २०२१च्या अखेरीस शाळा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आम्ही तिला नवा गणवेश घेतला, वाढत्या अंगाचा म्हणून दोन बोटे सैल. पुढच्या जूनमध्ये तोच गणवेश चालला. बाकीचे पालक दुकानात रांगा लावत असताना आमचा खर्च वाचला, याचे माझ्या पत्नीला आणि मला कौतुकच वाटले. शाळेच्या प्रार्थनेला मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात. टाळेबंदीपूर्वी ती मधल्या रांगेत असे, आता पहिल्या रांगेत आली होती. आम्ही म्हटले, घरात बसून मुलांची वाढ खुंटली आहे, भरून निघेल. दर पंधरा दिवसांनी तिचे पोट दुखे, तोंडात फोड येत, संध्याकाळी अंग किंचित कोमट लागे. जंताचे औषध झाले, आम्लपित्ताचे सिरप झाले. शाळेची भीती बसली आहे, असेही एकांनी सांगितले. प्रत्येक वेळी तिचे वजन केले गेले. उंची मात्र कुणी मोजली नाही, आणि आम्हीही मोजा म्हटले नाही.

आज मागे वळून पाहताना मला याच गोष्टीचा अधिक विषाद वाटतो. भारतीय बालरोग अकादमीचे पाच ते अठरा वर्षे वयासाठीचे वाढीचे तक्ते २०१५ पासून उपलब्ध आहेत; पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा त्या कामात मोठा वाटा आहे. एक कागद, एक पट्टी आणि सहा महिन्यांच्या अंतराने दोन ठिपके, एवढ्याने काम भागले असते. मुलांमधील क्रोन्समध्ये कित्येकदा जुलाब नसतात, रक्त नसते. उंचीची रेषा आडवी होणे हेच पहिले लक्षण असते. आतड्यातील दाह भूक मारतो, अन्न अंगी लागू देत नाही आणि वाढीच्या संप्रेरकांचे कामही मंदावतो. आमच्या घरात ते लक्षण दोन वर्षे खुंटीला टांगलेले होते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचे हिमोग्लोबिन ८.४ निघाले आणि सोनोग्राफीत लहान आतड्याचा शेवटचा भाग, जिथे तो मोठ्या आतड्याला मिळतो, तो जाड झालेला दिसला. आजूबाजूच्या गाठीही वाढल्या होत्या. ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो होतो त्यांनी अहवाल खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्या देशात हे चित्र म्हणजे टीबी. सहा महिने औषध घ्या." दुर्बिणीने तपासणी झाली नाही, तुकडा काढला गेला नाही. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची.

त्यांना दोष देण्यापूर्वी त्यांची बाजू मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स ही दोन दुखणी इतकी सारखी दिसतात की त्यांचा घोळ आजाराला नाव मिळण्याआधीपासून चालत आला आहे. ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये आतड्याच्या अशाच दुखण्याचे रुग्ण नोंदवले. रूप हुबेहूब क्षयाचे, पण जंतू सापडेना. गुरांच्या आतड्याला होणाऱ्या एका क्षयसदृश रोगाशी त्यांनी त्याची तुलना केली होती. पुढे १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांचा निबंध प्रसिद्ध केला. नावे आद्याक्षरांच्या क्रमाने छापली गेली म्हणून आजार क्रोन यांच्या नावावर चढला. ज्या शल्यविशारदांनी त्यातील रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या ते बर्ग. त्यांनी लेखकांत नाव घालू दिले असते, तर आज माझी मुलगी बर्गचा आजार असे सांगत असती. हा निबंधही क्षय नव्हे, असे सांगतच पुढे सरकतो.

दोन्ही आजार त्याच जागी बसतात. दोन्हींत आतड्याला व्रण पडतात, दोन्हींत पेशींचे बारीक पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा तयार होतात. क्षयाचे पुंजके मोठे, एकमेकांत मिसळणारे, मधोमध पनिरासारखे गळलेले. क्रोन्सचे लहान, विरळ, न गळलेले. पुस्तकात हे स्पष्ट असते. पण दुर्बिणीच्या चिमट्यात येणारा तुकडा जेमतेम तांदळाच्या कणीएवढा असतो आणि त्यात पुंजका सापडेलच याचा भरवसा नसतो. क्षयाचे जंतू आतड्यात इतके थोडे असतात की जीन एक्स्पर्ट चाचणी नकारार्थी आली म्हणून क्षय नाही, असे म्हणता येत नाही. जंतुसंवर्धनाला सहा आठवडे लागतात आणि तेही बहुधा रिकामेच परतते. विष्ठेतील कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन दाह आहे एवढे सांगते. कशाचा, ते सांगत नाही.

मग उरतो तो तर्क, आणि तर्क स्थळावर अवलंबून असतो. तोच व्रण ग्लासगोच्या मुलात दिसला तर डॉक्टर आधी क्रोन्स म्हणतील, बंगळुरूच्या मुलात दिसला तर आधी क्षय. यात अज्ञान नाही. ज्या गावात जे अधिक, त्याची शंका आधी, हा शहाणपणाचाच नियम आहे. शिवाय दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर शरीराने पुंजक्यात कोंडून ठेवलेले जंतू मोकळे सुटतात, आणि ते प्राणावर बेतू शकते. क्रोन्सला क्षय समजून क्षयाची औषधे दिली तर, वरवर पाहता, फक्त वेळ जातो.

मात्र हे 'फक्त' मोठ्या माणसाच्या हिशेबाचे आहे. मुलाचा वेळ रिकामा नसतो. हाडांची टोके जुळून यायच्या आत जी उंची मिळायची ती मिळते; वयात येण्याची वर्षे दाहात गेली तर ती उंची नंतर कोणत्याही औषधाने परत आणता येत नाही. आणि आतड्याच्या आतही काही थांबून राहत नाही. क्रोन्सच्या रुग्णांना क्षयाच्या औषधांवर ठेवल्याने योग्य उपचार लांबतात आणि तेवढ्या काळात आतडे आकसण्याचा धोका वाढतो, हे दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी दाखवून दिले आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सांगितले. तिने आधी उठून खिडकी लावून घेतली. तिच्या थोरल्या भावाला लहानपणी मिरजेजवळच्या वानलेसवाडीला, क्षयरोग्यांच्या दवाखान्यात ठेवले होते, आणि त्या काळात घरी पाहुणे येईनासे झाले होते. हे ती आयुष्यात दोनदाच बोलली असेल. मग खिडकीपाशीच उभी राहून म्हणाली, "सहा महिने ना? मग होईल बरी. आमच्या दादाला दीड वर्ष ठेवलं होतं."

मला कबूल केले पाहिजे की मलाही हायसे वाटले. रात्री मी जे काही वाचले होते त्यात क्रोन्स हे नाव होते, आणि त्याच्यापुढे 'आजन्म' हा शब्द होता. क्षयाला शेवटची गोळी असते. मी मनातल्या मनात क्षयाची बाजू घेतली आणि त्यानंतर जे जे दिसले ते त्याच बाजूने वाचले. औषधाने लघवी नारिंगी झाली, तेव्हा औषध लागू पडत आहे म्हटले. तो केवळ रिफाम्पिसिनचा रंग. दोन महिन्यांत ताप थांबला, वजन दीड किलो वाढले. क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर बरे वाटू लागते, आतले व्रण मात्र तसेच राहतात, हे मला पुष्कळ नंतर कळले. बरे वाटणे आणि बरे होणे यांत जे अंतर असते ते मोजण्यासाठी दुसऱ्या महिन्याच्या सुमारास पुन्हा आत डोकवावे लागते : क्षय असेल तर व्रण भरू लागलेले दिसतात, नसतील तर थांबून नव्याने विचार करायचा. क्षयाच्या औषधांची चाचणी घेण्यात चूक नव्हती. तिला तारीख नव्हती, ही चूक होती. आणि आमच्या बाबतीत तर आधीही आत कुणी डोकावले नव्हते. मग तुलना कशाशी करणार?

एप्रिल २०२३ मध्ये जेवणानंतर कळा येऊ लागल्या, उलट्या सुरू झाल्या. जूनमध्ये शाळा उघडल्या. गणवेश तिसऱ्या वर्षीही आला असता.

दुसऱ्या रुग्णालयातील बालपोटविकारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी केल्या. भिंतीला टेकवून उंची मोजली. आमच्या उंच्या विचारल्या. मग आम्हा दोघांना बाहेर बसवून, तिच्या कानडीत, तिला काही विचारले आणि परिचारिकेच्या उपस्थितीत तपासले. गुदद्वारापाशी त्वचेचे सुजलेले कोंब आणि एक चीर होती. कितीतरी महिन्यांपासून होती. बारा वर्षांच्या मुलीने ते आईलाही सांगितले नव्हते. या भागातील दुखणे क्रोन्सकडे बोट दाखवते, आणि ते पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. लागते ती केवळ विचारण्याची रीत. ती रीत आम्हा आईवडिलांपाशीही नव्हती.

मग भूल देऊन दोन्ही बाजूंनी दुर्बीण घातली गेली, एमआर एन्टेरोग्राफी झाली. मधली निरोगी जागा सोडून सोडून पडलेले लांबट व्रण, आतड्याचा एक तोकडा भाग अरुंद झालेला, न गळलेले पुंजके. क्षयात दिसणारे पोटातले पाणी किंवा मधोमध कुजलेल्या गाठी नाहीत. सहा महिन्यांच्या औषधांनंतरही व्रण ताजे, हाही पुरावाच ठरला. आमची ती चुकलेली वाट अशा रीतीने निदानाच्या कामी आली. डॉक्टर बाईंनी हे सांत्वन म्हणून सांगितले नाही, मीही तसे घेतले नाही.

संवर्धनाचा अहवाल यायला अजून सहा आठवडे होते. तोवर स्टिरॉइड द्यायचे की नाही? त्यांनी दिले नाही. त्यांनी जे दिले ते ऐकून आम्ही गोंधळलो : आठ आठवडे अन्न पूर्ण बंद, आणि त्याऐवजी ठरलेल्या मापाने फक्त एक पोषक द्रव. मुलांच्या क्रोन्समध्ये, विशेषतः लहान आतड्याचा दाह असेल तेव्हा, जगभर हाच पहिला उपचार मानला जातो. सहा ते आठ आठवड्यांत दहांपैकी आठ मुलांचा दाह शमतो. व्रण भरून येण्यात तो स्टिरॉइडपेक्षा सरस ठरतो आणि वाढ न रोखता उलट तिला मदत करतो. तो नेमका कसा काम करतो, यावर अजून एकमत नाही. आपल्या देशात त्याचे आणखी एक मोल आहे, ज्याची चर्चा पुरेशी होत नाही असे मला वाटते : तो प्रतिकारशक्ती दाबत नाही. म्हणजे निदान अजून क्षयाच्या उंबरठ्यावर घुटमळत असले, तरी हा उपचार निर्धास्त सुरू करता येतो. औषध नव्हे, आहार. आणि तरीही ते औषध आहे, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत पटले नाही. रसाहार सुचवणारे होते, गहू सोडा म्हणणारे होते, एकांनी काढ्याची बाटली कुरियरने पाठवली.

बंगळुरूत माणसे भेटली की 'कसे आहात' असे विचारत नाहीत, 'ऊट आय्ता?' म्हणजे 'जेवण झाले का?' असे विचारतात. लिफ्टमध्ये, फाटकापाशी, शाळेच्या बसमध्ये, दिवसातून पाच वेळा. पहिल्या आठवड्यात ती खाली बघे. नंतर तिने 'आय्तु' म्हणायला सुरुवात केली, झाले म्हणून. स्टीलच्या उंच पेल्यात थंड करून दिलेले ते व्हॅनिलाच्या वासाचे पांढरे पाणी ती नाक दाबून पीत असे. तिसऱ्या आठवड्यानंतर नाक सोडले. त्याच आठवड्यात रक्तातील दाहाचा निर्देशांक सामान्य झाला.

गणेशचतुर्थी १९ सप्टेंबरला होती आणि आठ आठवडे संपायला सहा दिवस उरले होते. आईने मोदक करू नयेत असे ठरवले. मुलीने तिला उकड काढायला लावली आणि स्वतः बसून एकवीस मोदकांना पाऱ्या पाडल्या. मग आजी पानावर बसून मोदकाला हात लावीना, तेव्हा ती चिडली : "आजी, तू खा ना. माझं औषध चाललंय, उपास नाही."

संवर्धनात काही उगवले नाही. कॅल्प्रोटेक्टिन २१०० होते ते २९० वर आले. सहा दिवसांनी तिने मऊ भात खाल्ला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ही लिहिलीच नसती. दाह शमवणे वेगळे आणि शमलेला राखणे वेगळे. त्यासाठी अॅझाथायोप्रिन सुरू झाले, त्याआधी एनयूडीटी१५ या जनुकाची चाचणी करून. हे जनुक दोषयुक्त असेल तर या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक वेगाने घटतात. पाश्चात्त्य पुस्तकांत टीपीएमटी या दुसऱ्या जनुकावर भर असतो; आशियाई लोकांत एनयूडीटी१५ अधिक महत्त्वाचे ठरते. पुढचे वर्ष बरे गेले. २०२४च्या पावसाळ्यात कॅल्प्रोटेक्टिन पुन्हा चढू लागले, तेव्हा तिला काहीही दुखत नव्हते. या वेळी आम्ही दुखण्याची वाट पाहिली नाही. अॅडालिमुमॅब नावाचे इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी सुरू झाले. ते टीएनएफ नावाच्या रेणूला रोखते. हाच रेणू क्षयाच्या जंतूंना पुंजक्यात कोंडून ठेवतो, म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी पुन्हा छातीचा एक्स-रे, पुन्हा क्षयाची रक्तचाचणी. या औषधाची जगातील पहिली जैवसमरूप आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये बाजारात आणली. ती आली नसती तर आमच्यासारख्या घराच्या आवाक्यात हा उपचार राहिला असता का, असे मला दर पंधरवड्याला वाटते.

रुग्णालयाकडे जाताना आमची रिक्षा बळ्ळारी रस्त्याने जाते. त्याच रस्त्यावर राष्ट्रीय क्षयरोग संस्था आहे, १९५९ मध्ये स्थापन झालेली. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची आखणी तिथे झाली. त्या काळात देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी शेजारच्या तुमकूर जिल्ह्यात खेडोपाडी जाऊन क्षयरुग्णांना शोधून विचारले, की तुम्हाला त्रास जाणवत होता का आणि तुम्ही काय केलेत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे उत्तर तज्ज्ञांना अनपेक्षित होते : बहुतेकांना त्रास जाणवत होता, आणि निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले होते. क्षयाचा प्रादुर्भाव भरात असताना क्षयरुग्णाला खोकल्याचे औषध मिळत होते. क्षय ओसरू लागला तेव्हा माझ्या मुलीला आधी आम्लपित्ताचे सिरप आणि मग क्षयाचे औषध मिळाले.

दर लाखामागे २३७ वरून १९५ हा उतार असाच चालू राहिला, आणि तो राहावा, तर आतड्यातील त्या व्रणाचा अर्थ दरवर्षी थोडा थोडा बदलत जाणार आहे. भारतात क्रोन्सचे रुग्ण वाढत आहेत, शहरांत विशेषतः. त्यांत मुले आहेत. 'आपल्या देशात हे चित्र म्हणजे टीबी' हे वाक्य एकदा खरे होते म्हणून कायम खरे राहील असे नाही. ते कोणत्या साली म्हटले जात आहे हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे, असे मला वाटते. आणि ज्यांची मुले सध्या अशा औषधांवर आहेत त्यांनी माझ्या सांगण्यावरून गोळ्या थांबवू नयेत. कदाचित तो क्षयच असेल आणि गोळ्याच त्याला बऱ्या करतील. उंची मोजून घ्या, दुर्बिणीची तपासणी झाली आहे का ते विचारा, आणि पुन्हा केव्हा पाहणार ती तारीख लिहून मागा.

ती आता चौदा वर्षांची आहे. गेल्या सोळा महिन्यांत नऊ सेंटिमीटर वाढली. तक्त्यावर अजून खालच्या रेषेवर आहे, पण रेषा आडवी नाही. या जूनमध्ये घेतलेला गणवेश दिवाळीपर्यंत आखूड झाला. दुकानदाराने वर्षाच्या मध्येच माप आले म्हणून कुरकुर केली. तिची आई दोन बोटे सैल घ्या म्हणत होती. मुलगी म्हणाली, अंगासरशी घ्या, पुढच्या वेळी पुन्हा घेऊ. गुरुवारी कॅल्प्रोटेक्टिनसाठी डबी द्यायची आहे. ती आता स्वतःच नेते, शाळेच्या दप्तरात, डब्यापासून वेगळ्या कप्प्यात.